समुद्राकडे पाठ करून



गणपतीच्या कार्यक्रमानंतर हॉलमधल्या सतरंज्या घड्या करताना संपादकांनी गाठलं. "सुट्टीत कुठे गेला होतात, त्यावर दोन पानं लिहून द्या." हातात सतरंजीचं टोक असताना माणूस नाही म्हणू शकत नाही. म्हणून हा प्रपंच.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आम्ही उत्तर आयर्लंडचा अँट्रिमचा किनारा मोटारीने पाहिला. आम्ही म्हणजे आम्ही दोघं, आठ वर्षांची कन्या आणि रत्नागिरीहून आलेले बाबा, जे आमच्यातल्या निम्म्यांचे वडील आणि निम्म्यांचे सासरे. आई २०२४ मध्ये गेल्या. त्यानंतर बाबांना सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. मँचेस्टरच्या घरात ते खिडकीशी बसत, काही विचारलं की "बरं आहे" म्हणत आणि कॅलेंडरवर परतीची तारीख बघत. त्यांना कायमचं ठेवून घ्यावं असं आम्हाला फार वाटतं. पण २०१२ पासूनचे नियम आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहेत. आई-वडिलांना रोज दुसऱ्याच्या हातची निगा लागते आणि पैसे खर्चूनही ती भारतात मिळत नाही, असं सिद्ध करावं लागतं. बाबा अजून स्वतःचे कपडे स्वतः धुतात. ते धडधाकट आहेत, हीच अडचण.

तेव्हा निदान जायच्या आधी काहीतरी दाखवू, म्हणून निघालो. स्कॉटलंडमधल्या केर्नरायन बंदरापर्यंत चार तास मोटार, तिथून मोटारीसकट बोटीने दोन तासांत लार्न. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि चहाचे दोन थर्मास. (पाहुण्यांना नेणाऱ्यांसाठी: ब्रिटनचा व्हिसा उत्तर आयर्लंडमध्ये चालतो. पुढचं डोनेगल मात्र दुसऱ्या देशात. सीमेवर फाटक नाही, वेगमर्यादेच्या पाट्या मैलांऐवजी किलोमीटरमध्ये दिसू लागतात एवढंच. तिकडे जायचं तर नियम आधी नीट पाहून घ्या.)

लार्नमधून बाहेर पडलं की समुद्रकाठचा रस्ता लगेच सुरू होतो. उजव्या हाताला पाणी, इतकं जवळ की कन्येने काच खाली करून हात बाहेर काढला. डाव्या हाताला खाली पांढरा आणि वर काळा असा कडा. आमच्यातल्या रसायनशास्त्रातल्या डॉक्टरेटला राहवलं नाही. पांढरा तो खडू, म्हणजे सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचं कॅल्शियम कार्बोनेट; त्यावर साधारण सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, तो काळा बेसाल्ट; आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद, वगैरे वगैरे.

"दगड कोणता ते राहू दे," मागून बाबा म्हणाले. "पाणी कुठून काढलंय ते सांग."

बाबांची सगळी नोकरी पी.डब्ल्यू.डी.त, रत्नागिरी जिल्ह्यात रस्ते सांभाळण्यात गेली. सहा महिन्यांत त्यांनी आम्हाला विचारलेला हा बहुधा पहिला प्रश्न. उत्तर आम्हाला येत नव्हतं.

लार्नजवळ हा रस्ता बांधणाऱ्यांच्या नावाची एक शिळा आहे, तिथे थांबलो. १८३२ ते १८४२ या काळात विल्यम बाल्ड या स्कॉटिश इंजिनीयरने हा रस्ता केला. त्याआधी या दऱ्यांतल्या गावांना जाण्यायेण्यासाठी डोंगरावरच्या खड्या वाटाच होत्या. बाल्डने कडा सुरुंगाने फोडला, दगड खाली किनाऱ्यावर पाडला आणि त्याच दगडावर रस्ता बसवला. बाबांना हे भलतंच आवडलं. "म्हणजे माल वाहायचा खर्च नाही!" शिळेवर बाल्डबरोबर या दऱ्यांतल्या मजुरांचाही उल्लेख आहे. बाबांनी ती दोनदा वाचली. "आमच्याकडे पाटीवर मंत्र्याचं नाव असतं," म्हणाले.

मग बॅलीगॅली आणि ग्लेनार्म यांच्या मध्ये मिनिस नॉर्थ येतं. इथे खडूच्या खाली चिकणमातीचा थर आहे. पावसाचं पाणी वरच्या भेगांतून झिरपतं, माती निसरडी होते आणि डोंगर रस्त्यावर उतरतो. बाल्डलाही या मातीने छळलं होतं. बाबांनी गाडी थांबवायला लावली. आम्ही कॅमेरे घेऊन समुद्राकडे तोंड करून उभे, आणि बाबा समुद्राकडे पाठ करून डोंगराचा उतार बघत. मग त्यांनी आंबा घाटाची गोष्ट सांगितली.

ऐंशीच्या दशकातल्या एका जुलैत घाटात दरड कोसळली. बाबा तीन दिवस घरी नाहीत. फोन नाही. एस.टी. साखरप्याच्या पुढे जात नव्हती. आईंनी रत्नागिरीच्या स्टँडवर जाऊन कंडक्टरच्या हाती डबा दिला. तिथून कोणा मजुराने तो वर नेला. असे तीन दिवस. तिसऱ्या दिवशी डब्यात भाकरीवर चिठ्ठी होती : दाढीचं सामान पाठवू का?

बाबा हसले. आणि मग बराच वेळ हसत नव्हते. आम्ही चहा ओतला. आमच्यातल्या ज्या निम्म्याचं बालपण त्या घरात गेलं, त्यालाही ही चिठ्ठी ठाऊक नव्हती.

पुढचं थोडक्यात. टॉर हेडचा रस्ता अरुंद आणि चढाचा. समोरून ट्रॅक्टर आला की देव आठवतो, पण समुद्रापलीकडे स्कॉटलंड स्वच्छ दिसतो. बॅलीकॅसलला डल्स नावाचं वाळवलेलं समुद्रशेवाळ मिळतं. कन्येने थुंकलं, बाबांनी पुडी विकत घेतली. तिथेच यलोमॅन ही पिवळी, जाळीदार मिठाई घ्या. पाकात खाण्याचा सोडा घातला की ती फुगते, हा प्रयोग आम्ही घरी केला आणि पातेलं टाकून द्यावं लागलं. जायंट्स कॉजवे १९८६ पासून जागतिक वारसा आहे. तिथे सुमारे चाळीस हजार दगडी खांब आहेत, लाव्हा थंड होताना आकसून तडकलेले. बहुतेक सहा कोनी. कन्येला सात कोनी सापडला, तेव्हा तिने आजोबांना त्यावर बसवून फोटो काढला. "अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे ना अशीच," आजोबा म्हणाले. "झोपडपट्टीत आहे, म्हणून कोणी बघत नाही."

परतीच्या दिवशी आम्ही आतल्या मोठ्या रस्त्याने लार्न गाठणार होतो, कारण बोट दुपारची होती. नाश्त्याला बाबा म्हणाले, "किनाऱ्यानेच चला. गटारं बघायची राहिली आहेत."

किनाऱ्यानेच गेलो. सहा ठिकाणी थांबलो. बाबा वाकून मोऱ्या बघत होते आणि कन्या त्यांच्या वहीत आकडे लिहून घेत होती, मराठीत, कारण आजोबांना घाईत इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत असं त्यांनी तिला बेमालूम सांगितलं होतं. दुपारची बोट चुकली. रात्रीच्या बोटीसाठी जादा पैसे पडले.