ताडोबाला जाताना कॅमेरा विकत घ्यावा की भाड्याने?

नागपुरात जन्म गेला, पण ताडोबा पाहिलं नाही, अशी घरं आमच्या महालात काही कमी नाहीत. सकाळी गाडी काढली तर साधारण तीन तासांत मोहर्लीचं गेट येतं. पण मुलांच्या परीक्षा, पाहुणे, सणवार यांतून सगळे एकदम मोकळे सापडतील तर ना! आमच्याकडे तो योग आला आणि पहिला वाद झाला कॅमेऱ्यावरून. ताडोबाच्या कोअर जंगलात सफारीला मोबाईल नेता येत नाही. एरवी फोटोंची सारी भिस्त ज्याच्यावर, तोच बाहेर ठेवावा लागतो.

"घेऊनच टाकू न, आई! नेहमी कामात येईल," मुलाचं म्हणणं. "दोन दिवसांसाठी कशाला? भाड्यानं आणू," हे म्हणाले. माझ्या भिशीचे पैसे नुकतेच हातात आलेले, त्यामुळे दोघांची नजर माझ्याकडे. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "लग्नकार्याला मोठे गंज आपण भाड्यानंच आणतो न? आणि रोजच्या भाताचा गंज घरचाच असतो. तुमचा हा कॅमेरा कोणता गंज आहे, ते आधी ठरवा."

मैत्रिणींनो, प्रश्नाची खरी मेख तिथंच आहे. कॅमेरा ही एक वस्तू नाही, दोन आहेत: एक कॅमेरा आणि दुसरं त्याच्यापुढे लागणारं भिंग, म्हणजे लेन्स. कॅमेऱ्यासोबत जे छोटं भिंग मिळतं, त्यात दूरचा वाघ मांजराएवढाही येत नाही. त्यासाठी १५०-६०० मिलिमीटरसारखं लांब भिंग लागतं. त्याचं वजन सुमारे दोन किलो आणि किंमत लाखाच्या आसपास. कॅमेरा वेगळाच!

हिशेब असा करून पाहा. समजा, भिंग एक लाखाचं आहे आणि पाच वर्षांनी ते निम्म्या किमतीत विकलं. म्हणजे पन्नास हजार गेले, वर्षाला दहा हजार. दिवसाचं भाडं हजार रुपये धरलं, तर वर्षात दहा दिवसांपेक्षा जास्त वापर असेल तरच विकत घेणं परवडतं. आपल्या दुकानातले खरे आकडे घालून हीच बेरीज-वजाबाकी करावी. शिवाय घरचं भिंग सांभाळावं लागतं. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलं की ओलीनं त्याच्या काचेवर बुरशी धरते.

आम्ही कॅमेरा आणि भिंग दोन्ही भाड्यानं आणलं, पण सफारीच्या एक दिवस आधी. एक दिवसाचं भाडं जास्त पडलं, पण जंगलात वाघ समोर उभा असताना बटण कोणतं ते शोधत बसायचं नसेल, तर तो खर्च करावा. तो दिवस आम्ही महालातच फिरलो.

गांधी गेट म्हणजे भोसल्यांच्या काळातला जुम्मा दरवाजा. त्याच्यासमोर उभं राहून भिंग लावलं, तर डोळ्यापुढे नुसता दगड! अख्खा दरवाजा मावेना आणि मागं सरकावं तर रहदारी. भोसल्यांच्या वाड्याजवळही तीच गत. रुक्मिणी मंदिराच्या बाजूला मुलीचा फोटो काढायला गेलो, तर ती अडीच-तीन मीटरच्या आत आली की चित्र धूसर. मग शुक्रवारी तलावावर, म्हणजे गांधीसागरावर गेलो. तिथं मात्र पलीकडच्या काठावरचा बगळा पिसांसकट दिसला! मुलाच्या तेव्हाच लक्षात आलं की हे भिंग दूरच्या, मोकळ्या जागेचं आहे. आपले प्रसंग सारे गल्लीतले आणि घरातले: तान्हा पोळा, मारबतीची गर्दी, हळदीकुंकू. त्यांना मोबाईल पुरतो. विकत घेण्याचा हट्ट त्यानं आपणहून सोडला.

भाड्यानं आणताना काही गोष्टी सांभाळाव्यात. दिवस चोवीस तासांचा धरतात की तारखेचा, ते विचारावं. अनामत रकमेची पावती घ्यावी. ओळखपत्राची मूळ प्रत ठेवू नये. झेरॉक्स द्यावी आणि तिच्यावर कारण व तारीख लिहावी. वस्तू पडली-फुटली तर भरपाई किती, ते लिहून घ्यावं. आधीचे ओरखडे दुकानदारासमोरच मोबाईलमध्ये टिपून ठेवावेत. जादा बॅटरी आणि कार्ड मागून घ्यावं.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं; महाराष्ट्रातलं ते सर्वांत जुनं. कोअर भाग मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद असतो, म्हणून आधी सफारीचं बुकिंग करावं, कॅमेरा नंतर ठरवावा. कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क आहे का, तेही तेव्हाच विचारावं. जिप्सीत तिपाई उभी करायला जागा नसते. जुन्या जीन्सचा एक पाय कापून, दोन्ही तोंडं शिवून त्यात दोन किलो तांदूळ भरा. ही उशी गाडीच्या दांडीवर ठेवून तिच्यावर भिंग टेकवलं की हात हलत नाही. धुळीसाठी उशीचा अभ्रा झाकायला घ्या आणि धुळीत भिंग बदलू नका.

भिशीतून भाडं गेलं, तरी बरीच रक्कम उरली. त्यातून आम्ही पंचवीस फोटो कागदावर छापून अल्बम केला. त्यात वाघ एकाच फोटोत आहे, तोही पाठमोरा. बाकी चितळ, मोर आणि जिप्सीत शाल गुंडाळून बसलेल्या सासूबाई. घरी आलेलं माणूस हाच शेवटचा फोटो जास्त वेळ पाहतं.