नाकाची शिदोरी

पुणे-नाशिक रस्त्यावर संगमनेरच्या दक्षिणेला नारायणगाव, उत्तरेला नाशिक. शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात नारायणगावात फ्रेंच तंत्राने फेसाळती वाइन काढली. नाशिकच्या सुलाची पहिली वाइन २००० साली आली. मधल्या आमच्या गावाला मात्र वाइनचा गंधही नव्हता. गावाला वास होता तो विडीचा, आणि हंगामात वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा.

शाळेच्या वाटेवर दारोदार बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असत. भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. ओलं पान आणि कोरडी तंबाखू यांचा तो वास दप्तरापर्यंत मुरायचा. घरात आजी जेवणानंतर द्राक्षासव घेई. त्यातलं चमचाभर माझ्या वाट्याला येई: गोड, तुरट, घशात किंचित ऊब.

नोकरीसाठी नाशिकला गेलो, तिथे शिराझ द्राक्षाची लाल वाइन भेटली. आपल्याकडे द्राक्षवेलाची एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी आणि जानेवारीपासून तोडा. फ्रान्समधला वेल हिवाळाभर निष्पर्ण पडून राहतो. आमच्या वेलाला झोप म्हणून नाही. त्या तरुण वाइनमध्ये फळ ठासून भरलेलं होतं, आणि जीभ आकसून घेणारा तुरटपणाही. मला ती आवडली, अजूनही आवडते.

मग बोर्दोत राहणाऱ्या भाचीकडे गेलो. तिने तिथल्याच पोयाक गावच्या लाल वाइनची १९९०ची बाटली राखून ठेवली होती. गाळ तळाला बसावा म्हणून बाटली आदल्या दिवसापासून उभी. ओतताना बाटलीच्या मानेमागे दिवा धरला. गाळाची रेघ दिसताच हात थांबला. पांढऱ्या कापडावर ग्लास कलता केला, तर मधे गडद लाल आणि कडेला विटकरी. वर्षानुवर्षं तुरट द्रव्यं एकमेकांना जोडली जातात, काही गाळ होऊन खाली बसतात, म्हणून घोट मऊ लागतो. ताज्या फळाचा वास मावळतो आणि त्याच्या जागी दुसरंच काही वर येतं.

“मामा, कसला वास येतोय?” भाचीने विचारलं. तिला देवदाराचं लाकूड, चामडं, पानगळीचं रान असं पुष्कळ काही सापडलं होतं. मला एकच सापडलं, पण नेमकं: ओलं पान आणि कोरडी तंबाखू. जुन्या पोयाकमध्ये तंबाखू जाणकारांनाही सापडतेच. ती त्यांनी चिरुटाच्या पेटीतून ओळखलेली असते, मी सुपातून.

तेव्हापासून कुणी “मला वाइनमधलं काही कळत नाही” म्हणालं, की मी त्याच्या गावाबद्दल विचारतो. करवंदाची जाळी, ओली गोणपाटं, चिंचेचा गोळा, गुऱ्हाळ. ज्याने जे हुंगलं असेल तेच त्याला ग्लासात भेटणार. मुरलेल्या वाइनला घाई चालत नाही हे खरं, पण चाखणाऱ्याचंही काहीतरी आधी मुरलेलं असावं लागतं.

एक गोष्ट मात्र पचत नाही. बोर्दोत त्या वासाची किंमत वर्षागणिक चढते. आमच्या गल्लीत ज्यांच्या बोटांना तो जन्मभर चिकटून राहिला, त्यांची मजुरी हजार विड्यांमागे ठरत असे. पोयाकचं कौतुक करताना मला तो हिशेब सोडता येत नाही, आणि सोडूही नये.