निळाई चढणारी फॉइल

तांब्याच्या फॉइलवर बोटाचा ठसा उमटला, की तो तुकडा पुन्हा धुवायला घ्यावा. बोटाचा तेलकटपणा डोळ्यांना दिसतोच असं नाही. पण तेवढ्या जागी रसायन नीट पोहोचत नाही आणि थर विरळ येतो. म्हणून वीज साठवणाऱ्या, वाकणाऱ्या सुपरकपॅसिटरसाठी इलेक्ट्रोड करणाऱ्याचा निम्मा जीव धुण्यातच अडकलेला असतो. आधी ॲसिटोन, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, मग डिस्टिल्ड वॉटर. फॉइल चिमट्यात उभी धरायची. पाण्याचा पापुद्रा सलग राहिला तर काम झालं; थेंब फुटून विखुरले, तर पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतरची काही मिनिटं या कामातली सगळ्यात सुंदर. कॉस्टिक सोडा आणि अमोनियम परसल्फेटच्या द्रावणात फॉइल सोडली, की लालसर तांब्यावर बघता बघता निळाई चढते. ही कॉपर हायड्रॉक्साइडची निळाई. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिथे भाताच्या खाचरासारख्या दाट, उभ्या नॅनोतारा दिसतात. पुढे ओव्हनमध्ये तापवल्यावर त्यांच्यातलं पाणी निघून जातं आणि काळं कॉपर ऑक्साइड उरतं.

वरून काहीही लावलेलं नसतं. थरातलं तांबं फॉइलचंच. त्यामुळे बुडवण्याची वेळ जपावी लागते, कारण थर वाढतो तशी फॉइल झिजते. चिमट्यातलं टोक कोरडंच ठेवायचं. वायर तिथेच जोडायची असते.

एरवी इलेक्ट्रोडची पूड बाइंडरमध्ये, म्हणजे चिकटवणाऱ्या द्रव्यात, कालवून फॉइलवर पसरतात. कारखान्यासाठी ते सोयीचं. पण बाइंडर स्वतः वीज साठवत नाही, आणि वारंवार वाकवलं की लेप सुटू लागतो. लावायचं की उगवायचं, हा पेच जुनाच आहे. बॅटरी बनवताना गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात ठेवले आणि पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करून शिशातूनच सक्रिय थर काढला. फार वेळखाऊ काम! 1881 मध्ये कामिय फोर यांनी शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन तो वेळ वाचवला.

उगवलेला थर धातूला घट्ट धरतो, तरी ऑक्साइड मुळात ठिसूळच. जाड झाला की तडकतो. म्हणून सपाट फॉइलवर मोजलेल्या क्षमतेवर भिस्त ठेवू नये. काचेच्या कांडीभोवती ती एकदा थर बाहेर ठेवून वाकवावी, एकदा आत ठेवून. बाहेर थरावर ताण येतो, आत दाब. दोन्ही वेळा क्षमता पुन्हा मोजावी, आणि वहीत आधी हेच आकडे लिहावेत.