पायाखालचा अपस्मार

नटराजाच्या उजव्या पायाखाली एक खुजा पुरुष पडलेला असतो. त्याचे नाव अपस्मार, म्हणजे स्मृतीचा लोप. चरकसंहितेने हेच नाव एका व्याधीला दिले. मराठी घरांत ती फेफरे किंवा मिरगी म्हणून ओळखली जाते. शिल्पातला देव त्या पुरुषाला ठार करीत नाही, पायाखाली दाबून धरतो.

या व्याधीवरील औषधांचे कार्यही असेच आहे. मेंदूतील विद्युत्क्रिया अकस्मात अनावर झाली की झटका येतो. तो सर्वांगी असेल तर माणूस कोसळतो, ताठरतो, आचके देतो. परंतु वर्गात बसलेल्या मुलाचे काही क्षण शून्यात हरवणे किंवा एकाच हाताचे थरथरणे, हेही झटकेच. ते कोणी ओळखत नाही आणि मूल वेंधळे ठरते. १९१२ साली आल्फ्रेड हाउप्टमान यांनी गुंगी आणणारे फेनोबार्बिटल झटकेही आवरते, हे दाखविले. १९३८ मध्ये मेरिट आणि पटनम यांच्यामुळे फेनिटॉइन आले. त्याने गुंगीवाचून झटके रोखता आले. मात्र शून्यात हरवणाऱ्या मुलाला फेनिटॉइनचा उपयोग नाही. त्याला एथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट लागते. झटक्याची जात ओळखल्याखेरीज औषध ठरत नाही, आणि दिलेले औषध एकाएकी थांबविले तर दबलेला झटका अधिक वेगाने उसळतो.

नेमके हेच समाजाला मानवत नाही. नाकाशी धरलेला कांदा वा चप्पल सर्वांदेखत चालते. रोजची गोळी मात्र लपवावी लागते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार झटके येणाऱ्यास विवाहास अपात्र ठरविले होते. १९९९ मध्ये तो शब्द वगळला गेला. कायद्याने वगळलेला शब्द मुलगी पाहण्याच्या बैठकीत मात्र अनुच्चारित राहूनही टिकून आहे. लग्नानंतर सासरी कळेल या धास्तीने एखादी सून गोळी चुकविते आणि चुलीपाशी कोसळते. व्हॅल्प्रोएट गर्भाला अपाय करू शकते. म्हणून मूल होण्यापूर्वीच वैद्याशी बोलून औषध बदलण्याचा विचार व्हावा लागतो. जिचा आजारच घरात बोलला जात नाही, तिने हे बोलणे कोणाच्या सोबतीने करावे?

झटक्यातले क्षण बहुधा रोग्याला आठवत नाहीत. ते पाहणाऱ्यांकडे राहतात. तो किती वेळ टिकला, कोणत्या अंगापासून सुरू झाला, हे वैद्याला त्यांनीच सांगायचे असते. घर गप्प राहिले तर निदानही अडते. हरवलेल्या स्मृतीची राखण घराकडे असते, आणि उपचाराचा आरंभ तिथूनच होतो.