कोर्टाची पायरी आणि बाबासाहेबांचे लॉ कॉलेज

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे सर्रास वापरली जाते. ज्याच्या नावावर चार बिघे रान आहे, ज्याला तालुक्याच्या कचेरीत बसायला खुर्ची मिळते, त्याने ती खुशाल वापरावी. आपल्या समाजाला ती परवडणारी नाही. देवळाची पायरी आपल्याला बंद होती, पाणवठ्याची बंद होती. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी २ मार्च १९३० पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांसारख्या माणसांनी वर्षानुवर्षे सत्याग्रह केला, ते या आपल्याच जिल्ह्यात. महाडच्या चवदार तळ्याचा दावा तर सवर्णांनी कोर्टात नेला. १९२७ साली सुरू झालेला तो दावा मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी निकाली काढला आणि तळे आपल्यालाही खुले ठरले. दहा वर्षे लागली, पण कायद्याच्या कागदावर ते पाणी आपले झाले. बाबासाहेब त्या लढ्याचे नेते होते, तसेच कायद्याचे जाणकारही होते, हे विसरून चालणार नाही.

हे सारे मला यंदा पुन्हा आठवले, कारण आमच्या घरातच या विषयावर वाद झाला. चुलत भावाची मुलगी बी.ए. झाली. तिला वकील व्हायचे आहे. भाऊ द्राक्षबागेत कामाला जातो. तो म्हणाला, "बी.एड. कर, नाहीतर पोलीस भरतीला उभी राहा. वकील होऊन काय करशील? काळा कोट घालून झाडाखाली बसशील, अन् पक्षकार जातील मोठ्यांच्या पोरांकडं." त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. ज्याच्या घरात तीन पिढ्या वकील नाही, त्याला पहिली चार-पाच वर्षे फार जड जातात. पण वहिनी म्हणाली, "आत्याबाईंच्या वावराचं काय झालं ते इसरले काय?" आणि भाऊ गप्प बसला.

ते वावराचे प्रकरण सांगितलेच पाहिजे. आमच्या आत्याच्या सासऱ्यांना वतनाची थोडी जमीन होती. पुढे एका लग्नाच्या वर्षी पैशाची नड आली, तेव्हा गावातल्या एका बड्या शेतकऱ्याला ती कोऱ्या विश्वासावर, साध्या स्टँपवर लिहून दिली गेली. पैसे फेडले तरी वावर परत मिळेना. आत्या माझ्याकडे कागद घेऊन आली. मी पतसंस्थेत कारकून, बी.कॉम. झालेला. जमाखर्च, व्याज, हप्ता हे मला समजते. अर्ज लिहून देणे, दाखले काढून देणे हे काम मी वीस वर्षे करतो आहे. पण अर्ज माणसाला कचेरीच्या दारापर्यंत नेतो. दाराच्या आत बोलायला वकील लागतो. निफाडच्या कोर्टात काम करणाऱ्या एका भगिनीने, त्याही आपल्याच समाजाच्या, सातबारा हातात घेतला आणि पाच मिनिटांत 'इतर हक्का'तल्या नोंदीवर बोट ठेवले. ही जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे तिथे लिहिलेलेच होते!

याच्यामागे मोठा इतिहास आहे. महार वतन म्हणजे तुकडाभर जमिनीच्या बदल्यात सगळ्या गावाची आणि सरकारची बिनमोल चाकरी. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. शेवटी कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमीन वतनदाराला परत मिळायची, मात्र ती परस्पर कोणाला देता येणार नाही अशी अट होती. ही अट आपल्या माणसांच्या रक्षणासाठी होती. पण ती वाचून सांगणारा वस्तीत कोणी नसला, तर ती कागदावरच राहते. आत्याचा अर्ज आता प्रांत कचेरीत आहे, तारखा पडत आहेत. निकाल काय लागेल ते लागेल. पण समोरचा माणूस आता 'म्हातारे' म्हणत नाही, 'बाई' म्हणतो.

बाबासाहेबांना हे फार आधी कळले होते. लंडनच्या ग्रेज इनमधून २८ जून १९२२ रोजी ते बॅरिस्टर झाले. मुंबईत वकिली सुरू करायची तर सनदेला पैसे नव्हते. मित्र नवल भथेना यांनी मदत केली, तेव्हा १९२३ साली कोर्टाचे दार उघडले. पुढे मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात त्यांनी शिकवले. १८५५ पासूनच्या त्या कॉलेजचे ते जून १९३५ पासून १९३८ पर्यंत प्राचार्य होते. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. म्हणजे आपल्या जिल्ह्यात येऊन ती गर्जना करणारा महापुरुष त्या वेळी एका नामांकित लॉ कॉलेजचा प्राचार्य होता.

पण दुसऱ्याच्या कॉलेजात चार जागा मिळून समाज उठत नाही. म्हणून ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. वर्ग सकाळी भरत, म्हणजे गिरणीत, गोदीत, कचेरीत काम करणाऱ्याला शिकून कामावर जाता येई. त्यानंतर १९५० साली औरंगाबादला मिलिंद, १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ कॉमर्स कॉलेज आणि १९५६ साली सिद्धार्थ लॉ कॉलेज निघाले. फोर्टात ज्याला पूर्वी हॉर्नबी रोड म्हणत, त्या आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर संस्थेच्या आनंद भवन आणि बुद्ध भवन या वास्तू आहेत. हायकोर्ट तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. जागेची निवडच बोलकी आहे.

सालाकडे पाहा. त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरची धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. आयुष्याच्या अखेरच्या वर्षात त्या थकलेल्या देहाने आपल्याला धम्म दिला आणि कायद्याची शाळाही दिली. पुढे संस्थेच्या कारभाराचे वाद कोर्टापर्यंत गेले, हे समाजाला ठाऊक आहे. त्याचे दुःख आहेच. पण नोकरी करता करता तिथे वकील झालेल्यांचे ऋण आपण मानलेच पाहिजे.

आता वकील कसे व्हायचे, ते आई-वडिलांसाठी लिहितो. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा एल्एल.बी. सिद्धार्थमध्ये तीन वर्षांचा एल्एल.बी. आहे. नाशिकला एन.बी.टी. लॉ कॉलेज आहे, मराठा विद्या प्रसारक समाजाचेही लॉ कॉलेज आहे. प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. तीन वर्षांच्या कोर्ससाठी पदवीला अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला ४० टक्के गुण पुरतात. भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरावा; जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ यांतच घ्यावे लागतात आणि ७० टक्के हजेरी लागते. नोकरदार मुलांना याची अडचण होते. बाबासाहेबांनी सकाळच्या वर्गांची वाट दाखवली होती. ती पुन्हा रुंद करावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

सनदेच्या फीबद्दल मात्र चांगली बातमी आहे. ३० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही : सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. सनदेसाठी बाबासाहेबांना मित्रापुढे हात पसरावा लागला. आपल्या लेकरांवर ती वेळ येऊ नये.

माता-भगिनींनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. तालुक्याच्या कोर्टातच त्यासाठी समिती असते. दुसरी, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. हवालदाराने जबाब घेऊन वाटेला लावले, तर हे ठामपणे विचारा.

अमरावतीच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले भूषण गवई यांनी १४ मे २०२५ रोजी देशाच्या सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली. ते पहिले बौद्ध सरन्यायाधीश. हे नवल म्हणून सांगत बसण्यापेक्षा, निफाडच्या कोर्टात, येवल्याच्या कोर्टात आपली दहा मुले-मुली उभी राहतील असे पाहिले, तर बाबासाहेबांना खरे अभिवादन होईल.

माझी सूचना साधी आहे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा खर्च कमी करावा. त्या पैशातून दरवर्षी वस्तीतल्या एका तरी लॉच्या विद्यार्थ्याची पुस्तके, एस.टी.चा पास आणि परीक्षा फी भरावी. वकिली सुरू केल्यावर पहिली तीन वर्षे त्याचे घर कसे चालेल, याचाही विचार विहारात बसून करावा. त्या बदल्यात त्याने महिन्यातून एक रविवार विहारात बसून लोकांचे कागद वाचावेत. 'शिका' या शब्दात सातबारा वाचणेही येते. ते आपल्या माणसाला वाचून दाखवणारा आपलाच माणूस हवा.

जयभीम!