पावित्र्याची परीक्षा

प्रिय भाऊ,


देवाच्या पावित्र्याची जरब मंडळीत उरली नाही, म्हणून प्रभुभोजनाला कोणी यावे यावर कडक निर्बंध हवेत, असे तुम्ही लिहिता. जरब ओसरली आहे हे मला मान्य. पण पवित्र राहणे म्हणजे कोणाला तरी लांब ठेवणे, हा विटाळाचा हिशेब आपण गावातून मंडळीत आणला. शास्त्राचा भर वेगळीकडे आहे. लेवीयाचा १९ वा अध्याय काढा. मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा, ही आज्ञा तिथे सुरुवातीलाच आहे. पुढे काय येते? शेताच्या कडेचे पीक आणि पडलेला सरवा गरिबांना व परदेशीयांना राहू द्या, मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवू नका, वजनेमापे खरी ठेवा. यज्ञाचे नियमही त्याच अध्यायात आहेत. वेदी आणि तराजू, दोन्हींवर त्याच देवाची नजर.

मग पावित्र्य म्हणजे नुसती समाजसेवा का, असे तुम्ही विचाराल. नाही. जर्मन ईश्वरविज्ञानी रुडॉल्फ ओटो यांनी १९१७ सालच्या ग्रंथात दाखवून दिले, की थरकाप उडवणारे आणि तरीही ओढून घेणारे, नीतीत न मावणारे असे काही पावित्र्यात असते. उज्जीया राजा मेला त्या वर्षी यशया संदेष्ट्याला देवाचे दर्शन झाले, तेव्हा त्याने आधी कबूल केले ते स्वतःचे अशुद्ध ओठ, लोकांचे नंतर. वेदीवरचा निखारा ओठांना लागला, दोष गेला, आणि त्याला त्याच लोकांकडे पाठवण्यात आले. घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांना यशयाच्याच ग्रंथात, या दर्शनाच्या आदल्या अध्यायात, धिक्कार आहे, आणि पवित्र देवाचे पावित्र्य न्यायाने प्रकट होते असेही तिथेच सांगितले आहे. भय आणि न्याय यांची फारकत यशयाने केलेली नाही.

कुष्ठरोग्याला छावणीबाहेर ठेवा, असेही लेवीय सांगतो, हा तुमचा आक्षेप रास्त आहे. पण मार्काच्या पहिल्याच अध्यायात येशू अशाच एका कुष्ठरोग्याला हात लावतो आणि लागण उलट्या दिशेने होते: येशू अशुद्ध होत नाही, रोगी शुद्ध होतो. मग येशू त्याला नियमाप्रमाणे याजकाकडेच धाडतो.

शिस्त नकोच, असे मी म्हणत नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल एकाला मंडळीबाहेर काढायला सांगतो. पण ज्यांच्या पंक्तीला बसू नये म्हणतो, त्यांत जारकर्म्यांशेजारी लोभी आणि लुबाडणारेही आहेत. आपल्या शिस्तीच्या यादीतून हे दोघे बहुधा सुटतात. अयोग्य रीतीने भाकर खाण्याविषयीचा पौलाचा इशाराही, काही जण पोटभर खाऊन-पिऊन बसत आणि गरीब उपाशी राहून खजील होत, त्या भोजनाबद्दलचा आहे. म्हणून निर्बंध ठरवायला पंच बसतील, तेव्हा मंडळीच्या झाडूवाल्याचा थकलेला पगार आणि जात पाहून मोडलेल्या सोयरिकी हे विषय आधी घ्या. ते टाळून आखलेली शिस्त कितीही कडक असली, तरी तिला देवाच्या पावित्र्याचे नाव देता येणार नाही.

आपला,
एक सहविश्वासी