सोवेटोच्या नळापाशी

आमची लेक नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्ग शहरी असते. २०२४ च्या मार्च महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे जाऊन राहिलो. परदेशी जाणारी माणसे सिंह आणि धबधबे पाहून येतात. आम्हीही एक दिवस सिंह पाहिले, झोपलेले होते. पण घरी परतल्यावर जे डोळ्यांपुढून हलले नाही, ते निराळेच.

आधी आमची ओळख सांगायला हवी. आमच्यापैकी एकाची बत्तीस वर्षे पाणी खात्यात चावीवाला म्हणून गेली. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती वाजता किती फेरे फिरवायचा, हे त्याला झोपेतही सांगता येते. दुसरीची जवळपास तितकीच वर्षे चाळीच्या सार्वजनिक नळापाशी कळशी घेऊन उभे राहण्यात गेली. त्यामुळे नव्या गावी गेलो की आमची नजर आधी नळाकडे जाते. हा लेख त्याच नजरेने लिहिला आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आणि नळ तर पहिल्याच दिवशी कोरडा निघाला! लेकीची इमारत चांगल्या वस्तीतली, उंचावरची. मार्चच्या सुरुवातीला एका मोठ्या पंपिंग स्टेशनच्या वीजपुरवठ्यावर वीज कोसळली आणि शहराच्या उंच भागांचे पाणी जवळपास दोन आठवडे गेले. पालिकेचा टँकर यायचा. रांगेत गोरे होते, काळे होते, आपल्याकडचे गुजराती-तमिळ वंशाचे होते. गोऱ्या बायका छोट्या छोट्या बाटल्या घेऊन आल्या होत्या. आमच्या घरच्या मंडळींनी पहिल्याच फेरीत दोन मोठे डबे आणि एक प्लास्टिकचा पाइप नेला, तेव्हा लेक लाजली आणि शेजारीण पाइप मागायला आली.

लेकीच्या ओळखीचा एक टॅक्सीवाला होता, सोवेटोचाच राहणारा. तो आम्हाला 'बाबा' आणि 'मामा' म्हणे. आधी आम्हाला वाटले, कुणी भारतीय गिऱ्हाइकाने शिकवले असेल. पण झुलू भाषेतही बापाला बाबाच म्हणतात. मामा म्हणजे आई. त्याने आम्हाला चार वेळा सोवेटोत फिरवले.

सोवेटो हे काही जुन्या गावाचे नाव नाही. शहराच्या नैर्ऋत्येला काळ्यांसाठी ज्या वस्त्या काढल्या, त्यांच्या इंग्रजी नावातली अक्षरे जुळवून १९६३ साली ते केले. आत शिरताना दोन अवाढव्य धुरांडी दिसतात. खरे तर ती धुरांडी नव्हेत, ऑरलँडो वीज केंद्राचे पाणी थंड करण्याचे मनोरे आहेत. १९४० च्या दशकात सुरू झालेले हे केंद्र १९९८ ला बंद पडले. आता मनोऱ्यांवर रंगीबेरंगी चित्रे काढली आहेत आणि हौशी लोक वरून दोरी बांधून उड्या मारतात. टॅक्सीवाला म्हणाला, कोळशाची राख पडायची आमच्या अंगणात आणि दिवे लागायचे गोऱ्यांच्या घरात. यात अतिशयोक्ती नाही. केंद्र सोवेटोत होते, वीज जोहान्सबर्गला जात होती, आणि मनोऱ्यांच्या सावलीतल्या चार खोल्यांच्या घरांतून मेणबत्त्या आणि कोळशाच्या शेगड्या जळत होत्या.

आता वाचकहो, इथे थोडा पालिकेचा हिशेब समजून घ्यावा लागेल. वर्णभेदाच्या राज्यात शहराचे तुकडे केलेले होते. १९५० च्या वस्ती कायद्याने कुणी कुठे राहायचे हे कातडीवरून ठरले. कारखाने, दुकाने, बँका गोऱ्यांच्या पालिकेच्या हद्दीत. तिथे राबणारे, आणि पगार झाला की तिथल्याच दुकानांत खर्चणारे काळे मात्र सोवेटोत. म्हणजे कर जमा व्हायचा एकीकडे आणि माणसे राहायची दुसरीकडे. १९८२ साली सरकारने काळ्यांना त्यांच्या वेगळ्या नगर परिषदा दिल्या, पण तिजोरी रिकामीच दिली. परिषद चालवायची तर उरला एकच मार्ग, घरभाडे आणि पट्ट्या वाढवणे. लोकांनी अशा नगरसेवकांना मानले नाही. १९८६ पासून सोवेटोने भाडे देणेच बंद केले. एक शहर, एक करतिजोरी अशी मागणी पुढे आली. आम्हाला ही मागणी फार शहाणपणाची वाटते. नुसते मत द्या म्हणून ते थांबले नाहीत. शहराच्या तिजोरीत आमच्या घामाचा पैसा आहे, तो आमच्या गटारावरही खर्च करा, असे त्यांनी सांगितले.

२७ एप्रिल १९९४ रोजी पहिले खरे मतदान झाले हे सर्वांना ठाऊक आहे. पालिकांचे काम त्यानंतर सुरू झाले आणि ते जास्त किचकट निघाले. १९९६ च्या नव्या राज्यघटनेत स्थानिक शासनाला स्वतंत्र प्रकरण आहे. पाणी आणि घर हे हक्क म्हणून लिहिले आहेत. त्याच वर्षी सँडटन या श्रीमंत उपनगराने वाढीव मालमत्ता कर भरायला नकार दिला. दहा वर्षांपूर्वी सोवेटोने भाडे बंद केले होते ते नळ-दिवा नाही म्हणून. सँडटनने कर बंद केला तो दुसऱ्याच्या नळ-दिव्याला पैसा जाऊ नये म्हणून. टॅक्सीवाल्याला हे सांगितले तर तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

अखेर ५ डिसेंबर २००० च्या निवडणुकीने देशातल्या ८४३ तात्पुरत्या पालिकांच्या जागी २८४ पालिका आल्या. पुढे आणखी जोडाजोड होऊन २०१६ पासून २५७ झाल्या. सँडटन आणि सोवेटो एकाच जोहान्सबर्ग महापालिकेत बसले. प्रत्येक वॉर्डात नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली दहा जणांपर्यंतची रहिवाशांची समिती, दर पाच वर्षांचा विकास आराखडा, आणि तो करताना लोकांना विचारण्याची सक्ती, असे कायद्यात आहे. उमेदवारांच्या यादीत निम्म्या बायका असाव्यात असा पक्षांनी प्रयत्न करावा, हेही आहे.

या सगळ्याचे झाले काय? पुष्कळ झाले. सोवेटोचे धुळीचे रस्ते डांबरी झाले. २००६ साली दोन लाख झाडे लावण्याचा संकल्प सोडला होता. आज कित्येक गल्ल्यांत सावली आहे. २००९ पासून 'रिया वाया' बसगाड्यांना स्वतःचा वेगळा रस्ता आहे. साऱ्या देशाचे बोलायचे तर १९९६ च्या जनगणनेत शंभरातल्या अठ्ठावन्न घरांत विजेचा दिवा होता, २०२२ च्या जनगणनेत चौऱ्याण्णवांहून अधिक घरांत. सरकारने बांधून दिलेली घरे तीस लाखांच्या वर गेली आहेत. हे थोडे नव्हे. पिढ्यानपिढ्या अंधारात अभ्यास केलेल्यांना त्याची किंमत विचारावी.

पण जे झाले नाही तेही आम्ही पाहिले. २० मार्च हा आपला महाडचा दिवस. सकाळी आम्ही लेकीच्या घरी बाबासाहेबांच्या प्रतिमेला फुले वाहिली. दुसऱ्या दिवशी, २१ मार्चला, त्या देशात सुट्टी असते. १९६० साली त्या दिवशी शार्पव्हिल गावी, पासबुकाच्या सक्तीविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडून ६९ माणसे मारली. त्या सुट्टीच्या दिवशी आम्ही क्लिपटाऊनला गेलो.

क्लिपटाऊन हा सोवेटोचाच भाग. २६ जून १९५५ रोजी इथल्या उघड्या मैदानावर देशभरातून आलेल्या हजारो प्रतिनिधींनी स्वातंत्र्याची सनद मंजूर केली. घरे असतील, दिवे असतील, विद्येची दारे उघडी असतील, अशी वचने त्या सनदेत आहेत. पन्नास वर्षांनी तिथे वॉल्टर सिसुलू यांच्या नावाने मोठा चौक बांधला, सनदेच्या दहा कलमांचे दहा खांब उभे केले. आम्ही गेलो तेव्हा तो चौक ओसाड होता. २०२१ च्या जुलैतल्या दंगलीत आणि त्यानंतर चोरांनी तिथल्या तारा, दारे, नळ उचकटून नेले. चौकाच्या शेजारून रेल्वेची लाइन जाते. लाइन ओलांडली की पत्र्याच्या झोपड्या. सार्वजनिक नळ, त्याच्याखाली चिखल, अनेक घरांत मिळून एक प्लास्टिकचा औषधी संडास.

वेगळे घर नाही तिथे बायका काय करतात, हे पुरुषांना विचारून कळत नाही. आमच्यातल्या एकीने एका बाईला खुणांनी विचारले, रात्री संडासला कशा जाता? तिने बादलीकडे बोट दाखवले. त्या देशात बादलीचे संडास होते आणि ते उचलून नेणारी माणसेही होती. २००७ अखेरपर्यंत ती पद्धत संपवू, असे सरकारने जाहीर केले होते. बादली पाहून आमच्या बापजाद्यांची पाटी आठवली आणि काही वेळ आम्ही कुणाशी बोललो नाही.

महाडची आठवण तेव्हा वेगळ्या तऱ्हेने झाली. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. ठराव होता, पाणी नव्हते. मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडले. ठराव आणि ओंजळ यांच्यात केवढी वाट असते, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना कुणी शिकवावे लागले नाही. क्लिपटाऊनलाही लागत नसावे.

शेवटची फेरी फिरी नावाच्या भागात झाली, आणि ती खास चावीवाल्याच्या हट्टाने. पाण्याच्या धंद्यातल्या माणसाला हे नाव ठाऊक असावे असे ते आहे. सोवेटोतले जुने जलवाहिनीचे पाइप सडलेले. जोहान्सबर्ग विकत घेत असलेल्या पाण्यातले चौथाई ते तिसरा हिस्सा पाणी सोवेटोत जायचे आणि उत्पन्न यायचे शंभरात एक रुपया. घरटी महिन्याला वीस हजार लिटर धरून ठोक पट्टी लावलेली, प्रत्यक्षात जायचे सदुसष्ट हजार. त्यातले बरेचसे जमिनीत. गळती किती वाईट असते ते आम्हाला सांगायला नको. गळक्या पाइपाखाली आमची निम्मी नोकरी गेली. तेव्हा पाइप बदलणे योग्यच होते.

पण २००४ च्या सुमारास पालिकेने पाइपाबरोबर फिरीच्या घराघरांत आगाऊ पैशांचे मीटर बसवले. महिन्याला सहा हजार लिटर फुकट. आठ माणसांचे घर धरून माणशी दिवसाला पंचवीस लिटर. ते संपले की पैसे भरा, नाहीतर नळ बंद. श्रीमंत वस्तीत आधी पाणी, मग बिल, मग नोटीस, मग कुठे तोडणे. इथे नोटीस नाही, माणूस नाही, मीटरच निकाल देणार. शिवाय सोवेटोत एका आवारात मागच्या खोल्यांतून दोन-तीन भाडेकरू कुटुंबे असतात, मीटर एकच.

लिंडिवे मझिबुको आणि इतर चार रहिवासी कोर्टात गेले. २००८ साली हायकोर्टाने माणशी पन्नास लिटर द्या आणि हे मीटर बेकायदा आहेत असे सांगितले. अपील कोर्टाने बेचाळीस लिटर ठरवले. ऑक्टोबर २००९ मध्ये घटना न्यायालयाने पालिकेच्या बाजूने निकाल दिला: किती लिटर पुरेसे हे कोर्टाने ठरवू नये, सरकारचे धोरण वाजवी असले म्हणजे झाले. तो निकाल ऐकायला मझिबुकोबाई हयात नव्हत्या. दावा चालू असतानाच पालिकेने गरीब म्हणून नोंद झालेल्या कुटुंबांचे फुकट पाणी वाढवले, हे मात्र सांगितले पाहिजे. हरलेल्या दाव्यानेही काही लिटर मिळवले. पण घटनेत हक्क लिहिलेला असूनही लिटर कोणी मोजायचे, हा प्रश्न सुटला असे आम्हाला वाटत नाही. पंचवीस लिटर म्हणजे आपल्या दोन कळशा. त्यात अंघोळ, धुणे, भांडी, आणि घरात अंथरुणाला खिळलेला रोगी असेल तर त्याचेही.

२०१६ पासून जोहान्सबर्गात कुणा एका पक्षाला बहुमत नाही आणि महापौर इतके बदलले की टॅक्सीवाल्याला ओळीने नावे सांगता येईनात. २०२२-२३ च्या हिशेब तपासणीत २५७ पालिकांपैकी फक्त ३४ स्वच्छ निघाल्या. रस्त्यातल्या खांबांवर मे महिन्यातल्या निवडणुकीची पोस्टरे लागली होती, आणि खाली कोपऱ्यावर बेकार पोरे बसली होती. शंभरातल्या तिसाहून अधिक जणांना त्या देशात काम नाही.

फिरीत टॅक्सीवाल्याच्या मावशीचे घर होते. आजीला तिकडे 'गोगो' म्हणतात, म्हणून आम्हीही तिला गोगो म्हटले. घर चार खोल्यांचे, आता तिच्या नावावर झालेले. तो कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला आणि पुन्हा घडी करून ठेवला. मीटर आवारात, झाकणाखाली. चावीवाल्याने गुडघे टेकून झाकण उचलले, आत वाकून पाहिले. तिला वाटले, पालिकेचा माणूस आला की काय! टॅक्सीवाल्याने समजावले की हेही पाणीवालेच, पण लांबच्या गावचे, आता रिटायर झालेले. मग ती त्याला तक्रार सांगू लागली. हात हलवून, मोठ्याने, झुलूत. त्याने सगळी ऐकून घेतली. एकही शब्द कळला नाही, पण बत्तीस वर्षे ज्या सुरात ऐकली तोच सूर होता.

तेवढ्यात आमच्या बाईने मोरीतली धुण्याच्या पाण्याची बादली उचलली आणि खुणेने विचारले, हे कुठे? गोगोने मागे नेले. घर आणि भाडेकरूची खोली यांच्यामध्ये हातभर जागा होती, तिथे तिने पालक लावला होता. दोघींनी मिळून बादली वाफ्यात ओतली. निघताना गोगोने वर्तमानपत्राच्या कागदात पालकाची एक जुडी बांधून दिली. लेकीच्या घरी रात्री आम्ही ती लसणाची फोडणी देऊन केली. नळाला तेव्हा पाणी आले होते, पण खबरदारी म्हणून दोन्ही डबे भरून ठेवले.